ठिपके मोजलेले, रेघ मानलेली

जून उजाडला की रत्नागिरीत हवामान खात्याची भाषा घराघरांत शिरते. आज मध्यम, उद्या मुसळधार, परवा अतिमुसळधार. बोलताना आपल्याला ही नुसती विशेषणं वाटतात, पण खात्याच्या लेखी ते वर्ग आहेत आणि प्रत्येक वर्गाला आकड्यांची हद्द आहे. चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर पडला तर हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अतिमुसळधार, आणि २०४.५ पासून पुढे कितीही असो, अत्यंत मुसळधार. २.५ च्या आतला तो अतिहलका.

एक अख्खा पावसाळा या वर्गांत बसवला तर जी सारणी तयार होते, तिचा संचित वारंवारता आलेख कसा काढायचा आणि काढल्यावर कसा वाचायचा, हे इथे सावकाश पाहायचं आहे. शाळेतल्या उदाहरणांत वर्ग बहुधा ०–१०, १०–२०, २०–३० असे एकसारखे असतात. तिथे रीत पटकन बसते, पण ती रीत तशी का आहे हा प्रश्नच उभा राहत नाही. पावसाचे वर्ग मात्र अडचणीचे आहेत. त्यांची रुंदी सारखी नाही, दोन वर्गांमध्ये फट आहे, आणि शेवटचा वर्ग वरून उघडा आहे. शिकण्यासाठी मला हेच उदाहरण अधिक मोलाचं वाटतं.

जून ते सप्टेंबर मिळून १२२ दिवस होतात. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजतात आणि आदल्या साडेआठपासूनचा पाऊस त्या दिवसाच्या नावावर लागतो. समजा, एका पावसाळ्याची वाटणी अशी झाली. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, कुठल्या एका वर्षाचे नाहीत. २.४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी, कोरडे दिवसही त्यातच धरून, २८ दिवस. हलक्या पावसाचे ४०, मध्यम पावसाचे ३८, मुसळधार १२, अतिमुसळधार ३ आणि अत्यंत मुसळधार १.

आता वरून खाली बेरीज करत यायचं. २८, मग ६८, १०६, ११८, १२१ आणि शेवटी १२२. यातल्या प्रत्येक आकड्याचा अर्थ नीट वाक्यात म्हणून पाहावा. १०६ म्हणजे मध्यम पावसाचे दिवस नव्हेत. मध्यम किंवा त्याहून कमी पाऊस पडलेले सगळे दिवस मिळून १०६. संचित वारंवारता नेहमी एका हद्दीविषयी बोलते: या हद्दीच्या आत इतके आले. हे एकदा पटलं की ठिपका कुठे द्यायचा याचं उत्तर आपोआप मिळतं. वर्ग जिथे संपतो तिथेच, म्हणजे वरच्या वर्गमर्यादेवर. वारंवारता बहुभुज काढताना वर्गमध्य घेण्याची सवय लागलेली असते आणि मुलं इथेही तेच करतात. पण मध्यम वर्गाच्या मध्यापर्यंत, म्हणजे ४० मिलिमीटरपर्यंत, किती दिवस आले हे सारणीला ठाऊकच नाही. वर्ग पूर्ण झाल्याशिवाय त्यातले सगळे दिवस मोजून झाले असं म्हणता येत नाही.

फटीचं काय? एक वर्ग १५.५ ला संपतो आणि पुढचा १५.६ ला सुरू होतो. मोजमाप एका दशांश स्थळापर्यंतच असल्यामुळे मध्ये कुठला आकडा नोंदला जात नाही, पण पाऊस काही दशांशाच्या टप्प्यांनी पडत नाही. म्हणून ती फट अर्धी अर्धी वाटून घ्यायची आणि हद्द १५.५५ धरायची. त्याच हिशेबाने २.४५, ६४.४५, ११५.५५ आणि २०४.४५. शाळेत याला खंडित वर्ग अखंडित करणं म्हणतात.

आडव्या अक्षावर मिलिमीटर, उभ्या अक्षावर दिवस. पहिला ठिपका २.४५ वर २८ च्या उंचीला, दुसरा १५.५५ वर ६८ ला, तिसरा ६४.४५ वर १०६ ला, असे चढत जायचे. इथे एक पथ्य काटेकोर पाळावं लागतं. आडव्या अक्षावर वर्गांची नावं सारख्या अंतरावर लिहायची नाहीत, मिलिमीटर प्रमाणात मांडायचे. हलका वर्ग १३.१ मिलिमीटर रुंद आहे, मध्यम ४८.९. दोघांना कागदावर सारखीच जागा दिली तर पुढे काढलेला प्रत्येक निष्कर्ष चुकतो.

ठिपके झाले. आता त्यांना जोडायचं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा याच कृतीत आहे. ठिपके मोजून आले आहेत. १५.५५ च्या आत ६८ दिवस, यात शंकेला जागा नाही. पण दोन ठिपक्यांमधली रेघ कुणी मोजलेली नाही. पट्टीने सरळ रेघ ओढली की आपण न बोलता एक गृहीत मान्य करतो: या वर्गातले दिवस वर्गभर सारखे पसरलेले आहेत. हाताने गोलसर वक्र काढला तर गृहीत बदलतं, नाहीसं होत नाही. सारणी करतानाच प्रत्येक दिवसाचा आकडा आपण सोडून दिलेला असतो. रेघ त्या सोडलेल्या माहितीच्या जागी आपला अंदाज ठेवते. वक्राला बंधन एकच, तो कुठेही खाली उतरता कामा नये, कारण बेरजेत दिवस फक्त मिळवले जातात.

मध्यक काढताना याची कसोटी लागते. १२२ चे निम्मे ६१. उभ्या अक्षावर ६१ पासून आडवं जायचं, रेघेला भिडायचं आणि खाली उतरायचं. आपण उतरतो ते हलक्या वर्गात. त्या वर्गाआधी २८ दिवस झाले होते, ६१ पर्यंत अजून ३३ हवेत, वर्गात ४० आहेत. ३३ भागिले ४० गुणिले १३.१, म्हणजे १०.८, त्यात २.४५ मिळवले की १३.२६. दहावीच्या पुस्तकातलं मध्यकाचं सूत्र म्हणजे नेमकी हीच भिडण्या-उतरण्याची कृती, फक्त अक्षरांत मांडलेली. ज्यांना सूत्र लक्षात राहत नाही त्यांनी आकृती मनात आणावी, सूत्र तिच्यातून परत उभं करता येतं.

पण १३.२६ हा आकडा किती खरा? खात्रीने इतकंच म्हणता येईल की मध्यक २.४५ आणि १५.५५ यांच्या मध्ये आहे. त्यापुढचं सगळं सरळ रेघेच्या भरवशावर. शिवाय इथे आपण भरवशापलीकडे जाऊन थोडा विचारही करू शकतो. रोजच्या पावसात तीन-चार मिलिमीटरच्या सरी चौदा-पंधरा मिलिमीटरच्या दिवसांपेक्षा जास्त वेळा येतात. म्हणजे या वर्गातले दिवस खालच्या टोकाला दाटलेले असणार, खरा वक्र आपल्या सरळ रेघेच्या वरून जात असणार, आणि खरा मध्यक १३.२६ पेक्षा कमी असणार. गृहीत ओळखलं की ते कोणत्या बाजूला चुकेल हेही कळायला लागतं.

दुसरा प्रश्न घेऊ. १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस किती दिवस झाला? शंभर ही हद्द मुसळधार वर्गाच्या पोटात येते. रेघ सांगते की शंभरच्या आत सुमारे ११४ दिवस, म्हणजे वर सात किंवा आठ. ठिपके काय सांगतात? शंभराच्या वरचे दिवस ४ पेक्षा कमी नाहीत आणि १६ पेक्षा जास्त नाहीत. ‘सात-आठ’ हे उत्तर परीक्षेत पूर्ण गुण मिळवेल, आणि मिळावेत. पण धरणाचा दरवाजा किंवा रस्त्याखालची मोरी यांचा हिशेब करणाऱ्याने ४ ते १६ हा पल्लाही शेजारी लिहून ठेवायला हवा.

याच आलेखात चढही वाचता येतो. सारणीत हलक्या पावसाचे ४० आणि मध्यमचे ३८ दिवस जवळजवळ बरोबरीने दिसतात. आलेखात तसं दिसत नाही. हलक्या वर्गात रेघ दर मिलिमीटरला सुमारे तीन दिवसांनी वर चढते, मध्यम वर्गात एका दिवसानेसुद्धा नाही. रेघ उभी असेल तिथे दिवस दाटलेले, लोळती असेल तिथे विरळ. वर्गांची रुंदी असमान असली की सारणीचा वारंवारतेचा रकाना फसवतो आणि संचित आलेख सावरून घेतो.

शेवटचा वर्ग राहिला. २०४.४५ वर १२१ चा ठिपका देता येतो, पण १२२ चा ठिपका कुठे द्यायचा? वर्गाला वरची हद्दच नाही. घाटमाथ्यावर महाबळेश्वरला २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. २०५ मिलिमीटर आणि ५९४ मिलिमीटर, दोन्ही या सारणीत एकाच नावाखाली. अशा वेळी रेघ १२१ लाच थांबवावी. मनाने एखादी हद्द ठरवून ती १२२ पर्यंत नेऊ नये. सरासरी काढणाऱ्याची इथे अडचण होते, कारण त्या एका दिवसाला वर्गमध्य कोणता द्यायचा हे कुणीच सांगू शकत नाही. मध्यकाला मात्र त्याचं काही देणंघेणं नाही. तो दिवस २०५ चा असो की ५९४ चा, ६१ वा दिवस जिथे आहे तिथेच राहतो.

हद्दीच्या वर किती, असा प्रश्न वारंवार येत असेल तर उलटी बेरीज करून ‘पेक्षा जास्त’चा आलेख काढतात. त्याचे ठिपके खालच्या वर्गमर्यादेवर येतात: २.४५ च्या वर ९४ दिवस, १५.५५ च्या वर ५४, ६४.४५ च्या वर १६. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढले तर ते ६१ च्या उंचीवर, मध्यकापाशीच एकमेकांना छेदतात. कोकणात प्रश्न बहुतेक याच दिशेने येतात. महसुली हिशेबात ६५ मिलिमीटर ही अतिवृष्टीची हद्द आहे आणि ती ६४.४५ या ठिपक्याला जवळपास चिकटून आहे. म्हणून अतिवृष्टीचे दिवस १६ हे उत्तर बरंच पक्कं आहे. त्याच आलेखातलं शंभर मिलिमीटरचं उत्तर तितकं पक्कं नाही.

एक घोटाळा इथेच सोडवायला हवा. वर्तमानपत्रात येतो तो ‘१ जूनपासून आजवरचा एकूण पाऊस’, आणि त्याचाही आलेख चढताच असतो. पण तिथे बेरीज तारखांच्या क्रमाने होते. आपल्या आलेखात दिवस पावसाच्या आकाराप्रमाणे रांगेत लावले आहेत आणि तारखा पुसल्या गेल्या आहेत. अतिमुसळधारचे तीन दिवस सलग आले काय किंवा तीन वेगळ्या महिन्यांत आले काय, आलेख तोच. वाशिष्ठी नदीला मात्र तो फरक कळतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, त्यासारख्या घटनेबद्दल या आलेखाला काही विचारू नये. तो प्रश्न त्याच्या आवाक्यातला नाही.

मोजलेलं आणि मानलेलं यांतला भेद केवळ पावसापुरता नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. २२५० उष्मांकांचा आहार परवडावा इतक्या खर्चाची रेषा त्यांनी ठरवली आणि राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९६०–६१ च्या खर्चाच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढला: ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखाली. ‘रेषेखाली इतके टक्के’ हे वाक्य म्हणजे संचित वारंवारतेचंच वाचन. खर्चाची सारणीही गटागटांत असते, आणि रेषा गटाच्या पोटात पडली की तिच्याखालची काही माणसं मोजलेली असतात आणि काही मानलेली.

म्हणून गणिताच्या शिक्षकांना एक विनंती. ठिपके पेनाने काढायला लावा आणि रेघ पेन्सिलीने. यंदाच्या पावसाळ्यात शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवून, रोज साडेआठला मोजून १२२ नोंदी करून घ्या. सप्टेंबर संपला की त्यांचा एक आलेख खात्याच्या वर्गांवरून काढा आणि दुसरा, त्याच कागदावर, वर्ग न करता प्रत्येक दिवसाचा आकडा घेऊन. वर्गमर्यादांवर दोन्ही आलेख जुळलेच पाहिजेत. मध्ये ते एकमेकांपासून जिथे सगळ्यांत लांब जातील, तिथला वर्ग पुढच्या वर्षी मोडून लहान करा.