फक्त रस्सा

हानॉयला सकाळी सहा वाजता फुटपाथवर बसून नाश्ता करताना माझ्या नीतिमत्तेची परीक्षा होईल, असं वाटलं नव्हतं. बसायला बालवाडीतली वाटावीत अशी प्लॅस्टिकची स्टुलं. गुडघे हनुवटीला लागलेले. त्या आसनात चिंतनाखेरीज दुसरं काही करताच येत नाही.

पदार्थाचं नाव 'फो'. तांदळाच्या चपट्या शेवया, कांद्याची पात, लिंबू आणि वाफाळता रस्सा. किंमत ४० हजार! दचकू नका, ४० हजार डाँग म्हणजे आपले सव्वाशे-दीडशे रुपये. वास दालचिनीचा आणि चक्रीफुलाचा. डोळे मिटले तर थेट आजीचा गोडा मसाला.

डोळे उघडले तर पातेल्यात हाडं.

पातेल्यात मी डोकावलो होतो, सौ. जागा धरून बसली होती. आम्ही दोघंही शाकाहारी. हॉटेलातल्या पोराने आदल्या रात्री तसं लिहून चिठ्ठीही दिली होती. शाकाहाराला तिकडे 'चाय' म्हणतात (तोंडी मागायची सोय नाही, आपल्यालाच चहा आठवतो). तिथले अनेक बौद्ध अमावास्या-पौर्णिमेला तसंच जेवतात, त्यामुळे चिठ्ठी कुणालाही कळली असती. मी ती खिशातून काढली नाही. खुणेने एवढंच सांगितलं, वरचे तुकडे नकोत.

याला तिथे इतिहास आहे बरं का! १९६०च्या दशकात, युद्धाच्या टंचाईत, सरकारी दुकानांत बिनमांसाचा फो मिळे. अमेरिकेची वैमानिक नसलेली टेहळणी विमानं तेव्हा डोक्यावरून जात; त्यावरून लोकांनी त्याला 'बिनवैमानिकाचा फो' म्हणायला सुरुवात केली. त्यांना मांस मिळत नव्हतं. मी मात्र वैमानिक उतरवून विमान ठेवून घेतलं होतं.

मग बुद्धाचा आधार शोधला. प्राणी आपल्यासाठी मारल्याचं पाहिलं नसेल, ऐकलं नसेल, तशी शंकाही नसेल, तर भिक्षेत आलेलं मांस भिक्षूला चालतं. माझ्यासाठी कोण काय मारणार? मला तिथे ओळखत कोण होतं! पण भिक्षू वाडग्यात पडेल ते खातो. मी चांगलं बोट दाखवून मागवलं होतं. आणि भिक्षूच्या खिशात चिठ्ठी नसते.

इथवर मामला माझ्या एकट्याचा होता. तेवढ्यात सौ.ने विचारलं, "कशाचा हो रस्सा?"

"मसाल्याचा," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. पण ३० वर्षं चतुर्थ्या करणारी बाई माझ्या एका शब्दावर घास घेत होती. माझ्या वाडग्यापुरतं मी देवाशी पाहून घेतलं असतं. तिच्या वाडग्याचं काय सांगणार? शेवई घशात अडकली. चिठ्ठीसाठी खिशात हात घातला, तोवर तिचा वाडगा निम्मा झाला होता. हात तसाच बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी हॉटेलातल्या फुकटच्या पाव-जॅमकडे न बघता ती चपला घालून तयार.

"चिठ्ठी खिशात आहे ना?" तिने विचारलं.

मी गार. "कुठली चिठ्ठी?"

"तीच. असू दे तिथंच."