प्रसंगाने घडलेले दर्शन

महाबळेश्वर या नावाखाली दोन गावे नांदतात. सातारा जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीच्या पठारावर ती वसली आहेत. त्यांतले एक बाजारपेठेचे, हॉटेलांचे आणि वेण्णा तलावाचे. दुसरे तिथून पाच-सहा किलोमीटरवर असलेले क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे महाबळेश्वर, अतिबळेश्वर आणि पंचगंगा या देवळांचे गाव. पुणे इथून साधारण १२० किलोमीटरवर आहे. त्यामुळे शनिवार-रविवार जोडून येणाऱ्या कुटुंबाचा मुक्काम पहिल्या गावात पडतो आणि दुसऱ्या गावाला त्यांच्या कार्यक्रमात तासाभराची जागा मिळते. आर्थर सीट पॉइंटकडे जाताना वाटेत दर्शन उरकता येते, हे त्यामागचे साधे गणित. असे वाटेत झालेले दर्शन म्हणजे तीर्थयात्रा होय की नव्हे, आणि नसेल तर ते काय आहे, हा प्रश्न वाटतो तितका आजचा नाही. धर्मशास्त्राने तो फार पूर्वी विचारला आहे आणि त्याचे बारकाईने उत्तरही दिले आहे.

क्षेत्राचे माहात्म्य पाण्यातून आले आहे. पंचगंगेच्या काळ्या दगडी देवळात मागच्या भिंतीतून कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचे प्रवाह येतात, एका पन्हळीत मिसळतात आणि गोमुखातून कुंडात पडतात. सरस्वती आणि भागीरथी यांच्याही जागा तिथे आहेत. भागीरथी १२ वर्षांतून एकदा आणि सरस्वती ६० वर्षांतून एकदा प्रकटते, अशी श्रद्धा आहे. कुंडाच्या पायरीवर उकिडवे बसून ओंजळ धरली की पावसाळा सरून महिने उलटले असले तरी पाणी बोटे बधिर करील इतके गार लागते. या नद्यांची खोरी याच पठाराच्या कडांवरून वेगवेगळ्या दिशांना उतरतात. सावित्री पश्चिमेला कोकणात उतरून बाणकोटपाशी अरबी समुद्राला मिळते. कोयना कऱ्हाडला कृष्णेत येते, आणि कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरात जाते. शेजारच्या महाबळेश्वराच्या गाभाऱ्यात घडवलेली पिंडी नाही, ओबडधोबड, खाचखळग्यांचा स्वयंभू खडक आहे, आणि त्याच्या खळग्यांत पाणी साचलेले दिसते.

बाजारपेठेचे गाव जन्मले ते निराळ्या हेतूने. १८२४ मध्ये लॉडविक हा इंग्रज लष्करी अधिकारी या पठारावर चढून आला. १८२९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेतली आणि मोबदल्यात वाईजवळचे खंडाळा गाव दिले. तिथे जी वस्ती उभी राहिली ती माल्कम पेठ. थंड हवा, आजाऱ्यांना विश्रांती आणि उन्हाळ्यात राज्यकारभाराची सोय एवढ्यासाठीच ती वसवली गेली. पाऊस सुरू झाला की साहेबलोक घाट उतरून जात, कारण इथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. आजची सहल या बाजारपेठेच्या गावाची वारस आहे. माणसाने शरीराच्या आणि मनाच्या विसाव्यासाठी डोंगरावर जावे, ही तिची मूळ प्रेरणा आहे. तिच्यात निंद्य असे काही नाही.

तीर्थयात्रेची शास्त्रीय कल्पना मात्र विसाव्याच्या उलट दिशेने जाते. महाभारताच्या वनपर्वात पुलस्त्य ऋषी भीष्माला तीर्थांचे वर्णन सांगतात, आणि यात्रेची थोरवी सांगताना एक सामाजिक कारणही देतात. यज्ञाला संपत्ती, साधने आणि मनुष्यबळ लागते, ते राजांना आणि धनवंतांना जमते. तीर्थयात्रा गरिबालाही करता येते आणि तिचे पुण्य यज्ञाहून कमी नाही. पुढच्या निबंधग्रंथांनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या संकलनग्रंथांनी, हा विषय सविस्तर मांडला. बाराव्या शतकात लक्ष्मीधराने ‘कृत्यकल्पतरू’चा एक अख्खा भाग तीर्थांना दिला. सोळाव्या शतकात नारायणभट्टांनी ‘त्रिस्थलीसेतू’ लिहिला. हे भट्ट घराणे पैठणहून काशीला गेलेले, म्हणजे या चर्चेतला एक प्रमाणभूत आवाज मराठी मुलखातून निघालेला आहे. या ग्रंथांत निघण्यापूर्वीचा उपवास, गणेशपूजन, श्राद्ध, मग संकल्प, साधा वेश, मिताहार आणि पायी चालणे असे नियम येतात. वाहनाने गेल्यास निम्मे फळ जाते, असेही वचन आहे. म्हातारे, आजारी, अशक्त यांच्यासाठी सवलती आहेत, पण मूळ अपेक्षा कष्टाची आहे.

याच चर्चेत आपला प्रश्न येतो. एखादा माणूस व्यापारासाठी किंवा दुसऱ्याच कामासाठी निघाला आणि वाटेत तीर्थ लागले म्हणून त्याने स्नान केले, तर त्याला काय मिळते? एका वचनाप्रमाणे, जो प्रसंगाने तीर्थाला जातो त्याला अर्धे फळ, आणि जो मोल घेऊन दुसऱ्यासाठी जातो त्याला सोळावा हिस्सा. शंखस्मृती याहून नेमका भेद करते. प्रसंगाने पोहोचलेल्याला स्नानाचे फळ पूर्ण मिळते, तीर्थयात्रेचे मिळत नाही. अर्ध्या-पाव हिश्श्यांच्या हिशेबापेक्षा हा भेद जास्त मोलाचा आहे, कारण तो दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवतो. एक गोष्ट जागेची: पाणी, खडक, तिथे शतकानुशतके झालेली उपासना. ती कुणाच्याही हेतूवर अवलंबून नाही, आणि म्हणून गोमुखाखाली हात धरणाऱ्या कुणालाही ती नाकारली जात नाही. दुसरी गोष्ट माणसाची: घर सोडणे, सवयी सोडणे, मनाला एका ठिकाणी लावून धरणे. जागा ती देऊ शकत नाही. ती माणसाला घरूनच घेऊन निघावे लागते.

जागेला एवढे महत्त्व द्यायचेच कशाला, हा आक्षेपही परंपरेतच उभा राहिला. स्कंदपुराणाच्या काशीखंडात सत्य, क्षमा, इंद्रियनिग्रह, दया यांनाच मानसतीर्थे म्हटले आहे. नुसत्या पाण्याने शुद्धी होत असती तर पाण्यातच जन्मणारे आणि मरणारे मासे आधी स्वर्गाला गेले असते, असा तिथला युक्तिवाद आहे. महाभारतही हातपाय आणि मन ज्याच्या ताब्यात आहे, जो संतुष्ट आणि निरहंकारी आहे, त्यालाच तीर्थाचे फळ सांगते. तुकारामांनी दगड-पाण्याच्या तीर्थावर भिस्त ठेवणाऱ्यांची झाडाझडती घेतली आणि तरीही पंढरीची वाट सोडली नाही. एकनाथांची कथा तर हेतूच्या कल्पनेलाच हात घालते. काशीची गंगा कावडीत घेऊन रामेश्वराला निघालेल्या नाथांनी ती तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली. संकल्प पूर्ण होता, यात्रा शास्त्रशुद्ध होती, आणि मोडली तरी ती निष्फळ झाली असे कुणी म्हणत नाही. या कथेने शंखस्मृतीचा भेद खोटा ठरत नाही, पण हेतूच्याही वर करुणेची जागा आहे एवढे स्पष्ट होते. बाहेरचे तीर्थ आणि आतले तीर्थ यांपैकी एकच निवडा, असे या परंपरेने सहसा म्हटलेले नाही. मानसतीर्थांची यादी देणारे ग्रंथच नद्यांची आणि कुंडांचीही यादी देतात, आणि दोन्ही ठिकाणी स्नान करणारा श्रेष्ठ मानतात.

निखळ यात्रा आणि निखळ सहल अशी काटेकोर विभागणी इतिहासातही सापडत नाही. १६६५ च्या जानेवारीत सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवाजी महाराजांनी महाबळेश्वरी आई जिजाऊंची आणि ज्येष्ठ कारभारी सोनोपंत डबीरांची सुवर्णतुला केल्याचे सांगितले जाते. ते धर्मकृत्य होतेच, पण ज्या मुलखात ते झाले तो जावळीचा मुलूख महाराजांनी १६५६ मध्ये जिंकला होता, आणि प्रतापगड तिथून हाकेच्या अंतरावर उभा होता. श्रद्धा आणि राज्य तिथे एकाच ठिकाणी उभे होते. जत्रेत बैल विकायला आलेला शेतकरी, सोयरीक जमवायला आलेले पाहुणे, नवस फेडायला आलेली बाई यांचे हेतूही असेच मिसळलेले असतात. शास्त्रकारांना हे ठाऊक होते म्हणूनच त्यांनी प्रसंगाने येणाऱ्याचा विचार केला, त्याला दारातून परत पाठवले नाही.

म्हणून दोन दिवसांच्या सहलीचा बेत आखणे हीच या प्रश्नाची खरी जागा ठरते. संकल्प हा शब्द पूजेच्या चौरंगाशी जोडला गेला असला तरी त्याचा आशय कशासाठी, कुठे, केव्हा आणि काय सोडून जायचे हे आधी ठरवणे एवढाच आहे. बेत आखताना हेच ठरत असते. क्षेत्राला पहिल्या दिवशी पहाटे जायचे ठरले की पॉइंटांची यादी आपोआप तोकडी होते. बाजारपेठेतून क्षेत्रापर्यंतचे पाच-सहा किलोमीटर गाडी न काढता चालून गेले तर वाहनाबद्दलचे जुने वचन थोडे तरी पाळले जाते, आणि झाडीतल्या त्या रस्त्यावर सकाळी चालणे कुणालाच जड जात नाही. पुण्याहून येताना वाईला थांबले तर घाटावर कृष्णा आधी भेटते, मग पसरणी घाट चढून, पाचगणी ओलांडून तिच्या उगमापाशी पोहोचता येते. प्रवाहाच्या उलट जाण्याचा हा क्रम उगमाचा अर्थ जसा समजावतो तसा दुसरा कोणताही समजावत नाही. महाशिवरात्रीला क्षेत्री गर्दी असते, आणि गुरू कन्या राशीत येतो तेव्हा १२ वर्षांतून एकदा कन्यागताचे पर्व कृष्णाकाठी साजरे होते, २०१६ मध्ये झाले तसे. पर्वकाळ साधायचा की एकांत, हेही बेतातच ठरवायचे असते.

बेतात आणखी एक गोष्ट येते आणि ती फार गंभीर आहे. इतरत्र केलेले पाप तीर्थात धुऊन निघते, पण तीर्थात केलेले पाप वज्रलेप होते, म्हणजे कशानेही सुटत नाही, असे शास्त्र सांगते. उगमाच्या गावात या वचनाचा अर्थ शोधायला लांब जावे लागत नाही. पठाराच्या कडेवरून फेकलेली प्लॅस्टिकची बाटली कृष्णेला मिळणाऱ्या ज्या ओढ्यात पडते त्याचेच पाणी पुढे महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र प्रदेश पितात. यात्रेकरूने तीर्थावर भार होऊ नये, ही जुनी अपेक्षा सहलीला आलेल्या माणसालाही तशीच लागू आहे, कारण इथे फळ कुणाला किती मिळते हा मुद्दा नाही, नदीला काय मिळते हा आहे.

राहता राहिली घरी थांबलेली माणसे. घाटाची वळणे सोसत नाहीत म्हणून आजी-आजोबा बहुतेक वेळा मागे राहतात. धर्मशास्त्राने त्यांचाही विचार केला आहे. आई, वडील, भाऊ, मित्र किंवा गुरू यांच्या नावाने तीर्थात बुडी मारली तर स्नानफळाचा काही वाटा त्यांना पोहोचतो, असे वचन आहे. यात्राफळाला जी अट लागू होते ती या वाट्याला लागू नाही. त्यामुळे प्रसंगाने आलेल्या पाहुण्यालाही, त्याला स्वतःला यात्रेचे फळ मिळो वा न मिळो, कुंडाशी उभे राहून मागे राहिलेल्यांचे नाव घेण्याचा अधिकार शास्त्रानेच दिला आहे.