श्रवणाचा अधिकार

पक्षाघाताच्या पहिल्या महिन्यांत आप्तेष्टांची वर्दळ असते. पुढे हात थोडा हलू लागला, काठीच्या आधाराने अंगणापर्यंत जाता येऊ लागले, की तीच माणसे निर्धास्त होऊन येईनाशी होतात, आणि ज्याची वाचा गेली त्याचे नाव मंडळींच्या हजेरीपटातूनच जणू खारीज होते. हे सारे त्याच्या प्रारब्धाच्या खाती टाकणे मला अधर्म वाटते. मेंदूच्या डाव्या गोलार्धास इजा होऊन बोलणे खुंटते, तेव्हा बुद्धी व स्नेहभाव बहुधा शाबूत असतात. इतकेच नव्हे, तर एक साधे वाक्य जुळवू न शकणारा मनुष्य परिचित अभंग पुष्कळदा शब्दांसह गाऊ शकतो. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान देणाऱ्या परंपरेने तरी सत्संगाचा हक्क वक्तृत्वावर ठेवलेला नाही. म्हणून एकादशीच्या भजनास अशा गृहस्थाला घरून आणण्याचा बंदोबस्त मंडळाने, चार-दोन महिने नव्हे, वर्षानुवर्षे चालवावा; उजवा हात लुळा असेल तर डाव्या हाती चिपळ्या द्याव्यात, आणि त्याला काही विचारल्यावर, उत्तराला कितीही वेळ लागो, दुसऱ्या कोणी त्याच्या वतीने बोलू नये.