तिसरा कोन

त्रिकोणाच्या तीन आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी असते, हे आपण इतक्या लहानपणी शिकतो की त्यातली एक सोय पुढे कोणी तपासत नाही. दोन कोन ठाऊक असले की तिसरा मोजावा लागत नाही. एकशे ऐंशीतून वजाबाकी केली की झाले. गणितात ही सोय निर्दोष आहे. मोजणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती तशी राहते का?

विल्यम लॅम्ब्टनने 1802 मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजली आणि तेथून त्रिकोणाला त्रिकोण जोडीत हिंदुस्थानच्या मोजणीस हात घातला. 1823 मध्ये तो वारला, तो आपल्या हिंगणघाटास. अशा मोजणीत शक्य तेथे तिन्ही कोन प्रत्यक्ष मोजतात. तिसरा कोन प्रामुख्याने स्वतःची चूक उघडी पाडण्यासाठी मोजायचा असतो. डोळा, हात किंवा यंत्र कुठे ढळले असेल, तर बेरीज ते सांगते. दोनच कोन मोजणाऱ्याची बेरीज मात्र सदैव बिनचूक येते.

पानिपतचा नकाशा पाहताना मला हे आठवते. ऑक्टोबर 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी पानिपतच्या उत्तरेस कुंजपुरा घेतला. यमुना फुगलेली होती आणि अब्दाली पलीकडे होता. या दोन गोष्टींवरून तिसरी काढली गेली, की तो इतक्यात नदी उतरणार नाही. तो दक्षिणेस बागपतजवळ उतरला आणि मराठ्यांची दिल्लीची वाट तुटली. 14 जानेवारी 1761 चा दिवस त्यानंतर फार दूर नव्हता.

कुंजपुरा, बागपत आणि पानिपत यांचा त्रिकोण सुमारे सातशे चौरस किलोमीटरचा भरतो. प्रदेश तळहातासारखा सपाट. तरी पृथ्वी गोल असल्याने त्याच्या कोनांची बेरीज एकशे ऐंशी अंशांहून साडेतीन सेकंदांच्या आसपास अधिक येते. म्हणजे येथे नेमके एकशे ऐंशी मिळाले, तरी चूक झालीच! मोजणीदार जमिनीचा हा वाटा आधी क्षेत्रफळावरून बाजूला काढतो. उरते ती तफावत त्याची स्वतःची. निरीक्षणे सारख्या भरवशाची असतील, तर ती तो तिन्ही कोनांत समान वाटून टाकतो.

ही समान वाटणी मला बरीच वर्षे खटकत असे. सारी चूक कदाचित एकाच ठाण्यावर, धुळीने लक्ष्य थरथरत असताना झाली असेल. निर्दोष कोनांनी तिचा भार का वाहावा? पण दोषी कोणता हे ठाऊक नसताना एकाला धरणे हा अधिक मोठा अन्याय होय. पानिपतच्या बाबतीत आपण नेमके तेच करीत आलो. कोणी भाऊंचा हट्ट पुढे केला, कोणी मल्हाररावांचे निघून जाणे, कोणी यात्रेकरूंचे लोढणे. आणि प्रत्येकाची बेरीज जुळली. येथे समान वाटणीही चालणार नाही, कारण माणसांविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही असे नाही.

मोजणीदाराची आणखी एक रीत आहे. दुरुस्त केलेले कोन तो वेगळ्या तक्त्यात मांडतो. शेतावरच्या वहीतले मूळ आकडे, न जुळणारे, तसेच राहू देतो. पुढे कोणाला वाटणी नव्याने करावीशी वाटली तर त्याच्यासाठी.