चौकोनी कोपरा

दाभोळ खाडीकाठच्या एका गोदीत बार्जचं काम चाललं होतं. कील कधीच बसली होती, फ्रेमा उभ्या होत्या, बाजूंची प्लेटिंग संपत आली होती. आता डेकमध्ये हॅचचं भोक कापायचं. ड्रॉइंगमध्ये कोपरे गोल दाखवलेले.

नवा इंजिनिअर म्हणाला, "मामा, सरळ काटकोनात कापा. गोल कापून घासत बसलात तर दिवस जाईल." बार्ज पाण्यात सोडायची तारीख ठरली होती; लग्नघरासारखी सगळ्यांचीच डोकी तापलेली.

फोरमनमामांनी गॅसकटर विझवला. "आणि ताण, साहेब?"

"खाडीत फिरणारी बार्ज. लाटाच नाहीत, तर ताण कुठला?"

"टोकांना वजन जास्त आणि मधे रिकामं असलं, की पाणी मधला भाग वर रेटतं. डेक ताणला जातो, तळ दाबला जातो. हॉगिंग. मधे वजन पडलं की उलटं, सॅगिंग. त्याला लाट कशाला लागते? १६ जानेवारी १९४३ ला अमेरिकेत, पोर्टलंडला, स्केनेक्टडी नावाचं तेलवाहू जहाज चाचणी करून धक्क्याला लागलं होतं. कोरं करकरीत. नदी शांत, थंडी कडाक्याची. रात्री असा आवाज झाला की मैलभर ऐकू गेला. डेक फाटला, दोन्ही बाजू फाटल्या, तळाच्या प्लेटा तेवढ्या राहिल्या. मधला भाग पाण्यावर उचलला गेला, टोकं नदीत रुतली."

"वेल्डिंग कच्चं असणार."

"एक सांधा होताच कच्चा. लोकांनी वेल्डरच्या नावाने बोटं मोडली. पण कच्चा सांधा कुठल्या जहाजात नसतो? ते पोलाद थंडीत ठिसूळ व्हायचं, हे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर बाईंनी दाखवून दिलं. शिवाय रिव्हेटच्या जहाजात चीर प्लेटच्या कडेशी थांबायची. वेल्डिंगने अख्खं जहाज एकच पत्रा झालं, चिरेला थांबायला जागा उरली नाही. त्याच काळातल्या लिबर्टी जहाजांत कितीतरी चिरा निघाल्या त्या हॅचच्या चौकोनी कोपऱ्यातून. ताण तिथेच गोळा होतो. मग कोपरे गोल केले."

"आता पोलाद सुधारलंय, मामा. आणि इथे कुठली थंडी?"

"तेही खरं. तर मग काटकोनात कापायला सांगितलं, अशी चिठ्ठी लिहून खाली सही करा. लगेच कापतो."

इंजिनिअरने खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं. "त्रिज्या किती दिलीय?"

"दिलीय तेवढी सकाळीच आखून ठेवलीय," मामा म्हणाले. "जरा बाजूला व्हा, ठिणग्या उडतील."