विश्वाचा आरंभ आणि आपली साक्ष

विश्वाला आरंभ आहे की नाही, हा प्रश्न आता केवळ पंडितांच्या बैठकीतला राहिलेला नाही. आमच्या बालाघाटात तो संडे स्कूलच्या सतरंजीवर येऊन बसला आहे. आपली मुले घरी आणि उपासनेत मराठी बोलतात, पण शाळेत हिंदीतून शिकतात. तेथे त्यांना ‘महाविस्फोट’ भेटतो, आणि रविवारी तीच मुले उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडून बसतात. मग एखादी चौकस मुलगी विचारते, “टीचर, यातले खरे कोणते?”

या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्या मंडळ्यांत ऐकू येतात. एक असे की, शाळेतले ते परीक्षेपुरते लिहावे आणि विसरून जावे. या उत्तरावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. मुलाला दोन तोंडांनी बोलायला शिकविण्याचा इतका जवळचा मार्ग दुसरा नसेल. दुसरे उत्तर अधिक गोड आहे. ते असे की, विज्ञान आता आपल्या बाजूला आले आहे. विश्वाला आरंभ होता हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले, म्हणजे पवित्र शास्त्र खरे ठरले. उपदेशात हे ऐकले की मंडळीच्या माना आपोआप डोलू लागतात. परंतु असे सांगणे प्रामाणिकपणाचे आहे काय? विज्ञानाला आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभे करण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? आम्हांस हा प्रश्न विज्ञानाचा नव्हे, तर नीतीचा वाटतो. दहा आज्ञांतील नववी आज्ञा साक्षीविषयीच आहे.

विचार करण्यापूर्वी हा सिद्धांत मुळात आला कोठून ते पाहू. तो बेल्जममधील एका रोमन कॅथलिक धर्मगुरूच्या लेखणीतून आला. (आपल्या प्रॉटेस्टंट मासिकात त्यांची एवढी वाखाणणी कशाला, असे कोणास वाटल्यास त्यांनी थोडा धीर धरावा.) जॉर्ज लमेत्र यांचा जन्म १८९४ चा. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात होते. १९२३ मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी ते केंब्रिजला एडिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकावयास गेले. आइन्स्टाइनच्या समीकरणांतून विश्व प्रसरण पावत असू शकते, हे रशियातील फ्रीडमन यांनी १९२२ मध्येच गणिताने दाखविले होते. पण ते १९२५ मध्ये वारले, आणि लमेत्र यांना त्यांच्या कामाची खबर नव्हती. लमेत्र यांनी १९२७ मध्ये तेच गणित स्वतंत्रपणे केले आणि दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या प्रकाशाच्या निरीक्षणांशी त्याची सांगड घातली. दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत, आणि जितकी दीर्घिका दूर तितका तिचा वेग अधिक. त्याच वर्षी ब्रसेल्सला आइन्स्टाइन यांची भेट झाली. गणित त्यांना मान्य झाले, पण प्रसरण पावणारे विश्व मुळीच रुचले नाही. पुढे १९२९ मध्ये अमेरिकेत हबल यांनी हाच संबंध अधिक मोजमापांनी मांडला आणि नाव त्यांचे झाले. लमेत्र यांचे नाव त्या नियमाला जोडण्याचा ठराव खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाने केला तो २०१८ मध्ये!

प्रसरण पावणारी वस्तू पूर्वी लहान असली पाहिजे. हा धागा धरून लमेत्र मागे मागे गेले आणि मे १९३१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी एक छोटेसे टिपण लिहिले. सारे विश्व एका आदि अणूतून निघाले असावे, आणि काळ व अवकाश यांना अर्थ त्यानंतरच आला असावा, अशी ती कल्पना होती. या टिपणाच्या टंकलिखित प्रतीत शेवटी एक परिच्छेद होता. देवावर विश्वास ठेवणारा मनुष्य देवाला गुप्त मानतो, आणि नवे भौतिकशास्त्रही निर्मितीवर एक पडदाच टाकते याचा त्याला आनंद वाटेल, अशा आशयाचा. तो परिच्छेद लमेत्र यांनी छापण्यापूर्वी खोडून टाकला. जे शास्त्रज्ञ म्हणून मांडावयाचे त्यात विश्वासणाऱ्याचे समाधान मिसळू नये, असाच आम्ही त्या रेघेचा अर्थ लावतो.

पुढे वीस वर्षांनी ती वेळ खरोखरच आली. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी आपल्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केले आणि, आधुनिक विज्ञान जणू आदिप्रकाशाच्या त्या क्षणाचे साक्षी झाले आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. कोणाही धर्मगुरूला याहून मोठा सन्मान कोणता? आपल्याच संशोधनाचा पोपने शास्त्राच्या समर्थनासाठी उपयोग केला! पण लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नांपासून सर्वस्वी वेगळा आहे, जडवादी माणूसही तो मानू शकतो आणि श्रद्धाळू माणूस नाकारू शकतो, अशी त्यांची भूमिका होती. व्हॅटिकनच्या वेधशाळेच्या प्रमुखाशी बोलून त्यांनी आपली हरकत पोहोचविली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. सप्टेंबर १९५२ मध्ये जगातील खगोलशास्त्रज्ञ रोमला जमले, तेव्हा पोप त्यांच्यापुढे बोलले, परंतु तो दावा त्यांनी पुन्हा केला नाही.

लमेत्र यांची हरकत किती रास्त होती, हे आकड्यांवरून कळेल. १९५१ मध्ये हबल यांच्या मापांप्रमाणे विश्वाचे वय सुमारे १८० ते २०० कोटी वर्षे येत होते. आणि पृथ्वीवरील खडकांचे वय, त्यांतील किरणोत्सर्गी द्रव्यांवरून, ३०० कोटींच्या वर जात होते. म्हणजे लेकरू आईपेक्षा वडील! भरवेलीच्या खाणीत उतरणाऱ्या आमच्या वाचकांना म्हातारा खडक म्हणजे काय ते सांगावयास नको. सिद्धांत असा अडचणीत असतानाच त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले गेले. पुढे त्याच रोमच्या परिषदेत वॉल्टर बाडे यांनी दाखविले की दीर्घिकांची अंतरे चुकीने निम्मी धरली गेली होती. एका दिवसात विश्वाचे वय दुप्पट झाले. आज ते १३८० कोटी वर्षे मानतात. आजही प्रसरणाचा वेग एका रीतीने मोजला तर ६७ येतो आणि दुसरीने ७३, आणि हा फरक का, यावर वाद चालू आहे. विज्ञानात यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ते असेच पुढे जाते. परंतु जो आपल्या विश्वासाचे तारू या खुंटाला बांधतो, त्याचे काय?

आपणही काही मागे नव्हतो. उत्पत्ति इ.स.पू. ४००४ मध्ये झाली हा हिशेब आर्चबिशप अशर यांचा, १६५० चा. ते आपल्याच बाजूचे. ही साले नंतर कित्येक इंग्रजी बायबलांच्या समासात छापली गेली, आणि भाविकांना समास व मजकूर यांतला फरक दिसेनासा झाला. कार्तिकातल्या निरभ्र रात्री गावाबाहेर शेतात उभे राहिल्यास देवयानी ही दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी पुसट डागासारखी दिसते. तो प्रकाश तेथून २५ लाख वर्षांपूर्वी निघाला. हे मुलाला दाखविले की समासातला आकडा गळून पडतो; आणि त्याने तो आकडा म्हणजेच शास्त्र असे मानले असेल, तर बरोबर आणखीही काही गळून पडते.

साक्षीदाराची उलटतपासणी होतेच, आणि ती करणारे एक थोर मराठी गृहस्थ आपल्यात होऊन गेले. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ मध्ये कोल्हापूरला झाला. बालपण गेले बनारसला, जेथे त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवीत. केंब्रिजला त्यांना गुरू मिळाले फ्रेड हॉइल. १९४८ मध्ये हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला होता: विश्व प्रसरण पावते, पण त्याला आरंभ नाही, दीर्घिका दूर जातात आणि मधल्या जागेत नवे द्रव्य सतत निर्माण होत राहते. ‘बिग बँग’ हे नावही हॉइल यांनीच, १९४९ मध्ये बीबीसीवरून बोलताना, विरोधी पक्षाला दिले. १९६१ मध्ये मार्टिन राइल यांनी रेडिओ-स्रोतांच्या मोजणीवरून स्थिर स्थितीवर हल्ला चढविला, तेव्हा उत्तर देण्यास हॉइल यांनी आपला विद्यार्थी उभा केला, तो नारळीकर. १९६४ मध्ये गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, आणि १९६५ मध्ये वयाच्या २६ व्या वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले.

पण त्याच सुमारास पारडे फिरले. अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे एक मंद प्रारण सापडले. दुर्बिणीत शिरलेल्या कबुतरांची घाण साफ करूनही ते हटेना. बहुतेक शास्त्रज्ञांनी ते आदिकाळातील उष्णतेचा अवशेष म्हणून स्वीकारले. १९६६ मध्ये मृत्यूच्या थोडेच आधी लमेत्र यांना ही बातमी कळली. नारळीकर मात्र खचले नाहीत. १९७२ मध्ये ते भारतात परतले, १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ उभी केली, आणि १९९३ मध्ये हॉइल व बर्बिज यांच्यासह स्थिर स्थितीचे सुधारित रूप मांडले. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी ते मानले नाही. २० मे २०२५ रोजी ते गेले, तोपर्यंत एकाच महास्फोटाविषयीच्या त्यांच्या शंका कायम होत्या.

आता ज्या मुलाला आपण ‘विज्ञानाने उत्पत्ति सिद्ध केली’ असे शिकविले, तो नागपूरला किंवा जबलपूरला कॉलेजात जातो आणि तेथे त्याच्या हाती नारळीकरांचे पुस्तक येते. आपल्याच भाषेतला एवढा मोठा माणूस म्हणतो की पुरावा अजून पुरेसा नाही. मुलाने काय करावे? नारळीकरांचा द्वेष करावा? की देवावर शंका घ्यावी? हा पेच नारळीकरांनी घातलेला नाही. तो त्याच्या संडे स्कूलने घातला.

कोणी म्हणेल, नारळीकरांचा पक्ष तर हरला. हरला असे धरून चालू. परंतु समजा, तो जिंकला असता. मग आपले उपदेशक गप्प बसले असते काय? आम्हांस तसे वाटत नाही. सतत नवे द्रव्य निर्माण होते, यावर किती सुंदर उपदेश झाला असता! देव विश्रांती घेऊन थांबलेला नाही, तो आजही निर्माण करीत आहे. पाहा, शास्त्रज्ञही तेच सांगतात. ज्या पुराव्याने दोन्ही बाजू सारख्याच सिद्ध होतात, त्याला पुरावा म्हणत नाहीत. हॉइल यांना विश्वाच्या आरंभाच्या कल्पनेला धर्माचा वास येई आणि म्हणूनही ती नकोशी वाटे. तोही याच दोषाचा दुसरा चेहरा. तरी याच हॉइल यांनी सहकाऱ्यांसह १९५७ मध्ये दाखविले की आपल्या देहातील कार्बन, रक्तातील लोह ताऱ्यांच्या पोटात तयार झाले. (हे वाचताच उत्पत्तीतील माती आठवली ना? मोह असा असतो.)

यावर एक रास्त आक्षेप आहे. मग विश्वासाचा आणि या विश्वाचा काही संबंधच नाही काय? दोन कप्पे करून टाकावयाचे, एक शाळेचा आणि एक देवळाचा? तसे आम्हांस म्हणावयाचे नाही. ते तर पहिल्याच उत्तराकडे परत जाणे होईल. तेराव्या शतकात थोमास अक्विनास याने हा प्रश्न नीट सोडवून ठेवला आहे. जगाला आरंभ होता हे तो श्रद्धेने मानी, पण ते बुद्धीने सिद्ध करता येत नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. विश्व अनादि असते तरी ते देवावरच अवलंबून असते. निर्मिती म्हणजे पहिल्या क्षणाची घटना नव्हे, तर प्रत्येक क्षणाचे अवलंबून असणे. हे मानणाऱ्याला ६७ आणि ७३ च्या वादाची भीती नाही. उलट त्या वादात रस घेण्यास तो मोकळा आहे. लमेत्र याच परंपरेत शिकले होते. शिवाय महास्फोटाचा सिद्धांत ‘काहीच नाही’ पासून सुरू होत नाही. अत्यंत तप्त व दाट अवस्थेपासून पुढे काय झाले ते तो सांगतो, आणि अगदी पहिल्या क्षणाविषयी आजचे भौतिकशास्त्र मूक आहे. आपण ज्या ठिकाणी त्याची साक्ष मागतो, नेमके तेथेच तो तोंड उघडत नाही.

संडे स्कूलच्या शिक्षकांना पुढचा प्रश्न ठाऊकच असेल, कारण मुले तो विचारतातच: “त्याच्या आधी काय होते?” ऑगस्टिनलाही चौथ्या शतकाच्या शेवटी हा प्रश्न भेटला होता. असल्या खोल गोष्टी उकरणाऱ्यांसाठी देव नरक तयार करीत होता, असे एकाने थट्टेने उत्तर दिल्याचे तो नमूद करतो, आणि लगेच म्हणतो की असे उत्तर आपण देणार नाही; जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे म्हणणे त्याला अधिक पसंत आहे. काळही देवानेच निर्मिला, तर काळापूर्वीचा ‘आधी’ कोठला, हा त्याचा विचार. आकाशाविषयी अज्ञानाने बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांमुळे बाहेरचे लोक शास्त्राला हसतात, ही त्याची तक्रारही सोळाशे वर्षांची आहे.

तेव्हा त्या चौकस मुलीला काय सांगावे? शाळेतला धडा हा आजवरच्या मोजमापांतला सर्वांत भक्कम हिशेब आहे, असे सांगावे. तो एका धर्मगुरूने सुरू केला आणि आपल्या एका मराठी माणसाने आयुष्यभर तपासला, हेही सांगावे. उत्पत्तीचा अध्याय हिशेब देत नाही, धनी कोण ते सांगतो, हे सांगावे. आणि संडे स्कूलच्या कपाटात नारळीकरांचे ‘आकाशाशी जडले नाते’ ठेवावे. त्यास कोणाची हरकत असेल असे वाटत नाही. असल्यास ती मंडळीच्या सभेत जरूर मांडावी.