देवाला ‘का?’ असे विचारणे पाप आहे काय?

खेड्यापाड्यांतील आपल्या मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार उठतो, परंतु तो उपासनेच्या वेळी कोणी उघड बोलून दाखवीत नाही. घरातील लेकरू दगावते, कर्ता मुलगा अकस्मात जातो, किंवा लागोपाठ दोन वर्षे पाऊस दगा देतो, आणि आईबापांच्या तोंडून एकच शब्द निघतो, “का?” शेजारीपाजारी म्हणतात, “कुळीचा देव सोडलात, त्याचे हे फळ.” भावकी मातीला येत नाही. अशा वेळी पुष्कळदा आपलेच उपदेशक बंधू सांगतात, “बाई, असे विचारू नये, असे विचारणे हा अविश्वास आहे.” मग त्या दुःखी जिवाला दोहोंकडून मार बसतो. बाहेरचे तिच्या देवाला दोष देतात आणि घरचे तिच्या विश्वासाला. म्हणून देवाला ‘का’ असे विचारणे खरोखर पाप आहे काय, ह्याचा विचार आज करण्याचे आम्ही योजिले आहे. ह्या कामी एका रशियन कादंबरीकाराचे प्रवास, त्याचे वाचन आणि त्याचा विश्वास ह्यांचे साहाय्य घेऊ. कारण हा प्रश्न त्याच्या उशाशी जन्मभर होता.

ह्या ग्रंथकाराचे नाव फ्योदोर दोस्तोयव्हस्की. त्याचा जन्म १८२१ साली मॉस्को शहरी गरिबांच्या एका इस्पितळाच्या आवारात झाला. बाप तेथेच डॉक्टर होता. आईने त्याला वाचावयास शिकविले ते जुन्या व नव्या करारांतील एकशेचार गोष्टींच्या एका पुस्तकावरून. तो आपल्या प्रॉटेस्टंट मंडळीतला नव्हे, रशियाच्या ऑर्थोडॉक्स मंडळीतला. तो संतही नव्हता. जुगाराच्या नादापायी त्याने पत्नीचे दागिने व कपडे गहाण टाकिले, आणि ते व्यसन १८७१ पर्यंत सुटले नाही. यहूदी लोकांविषयी त्याने जे कठोर व अन्यायाचे लिहिले, त्याचे समर्थन कोणाही ख्रिस्ती मनुष्याने करू नये. हे आम्ही प्रथमच सांगतो, कारण मनुष्याला मूर्तीप्रमाणे पुजण्याची आपणांस मनाई आहे. परंतु देव भग्न पात्रांतूनही पाणी पाजतो.

१८४९ साली सरकारने त्यास पकडले. ज्या मित्रमंडळात तो बसत असे, तेथे सरकारने मना केलेले लेख वाचले जात, आणि तसा एक लेख त्याने स्वतः वाचून दाखविला होता. त्यास मरणाची शिक्षा झाली. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे २२ डिसेंबर रोजी त्याला सोबत्यांसह चौकात नेले. पहिल्या तिघांना खांबांस बांधिले, शिपायांनी बंदुका रोखिल्या. हा पुढच्या तिघांत होता. इतक्यात बादशहाचे फर्मान वाचण्यात आले की, प्राण वाचवून सक्तमजुरी द्यावी. सगळा देखावा धाक घालण्यासाठी आधीच ठरविलेला होता. मग पायांत बेड्या घालून त्याची सैबेरियात, ओम्स्क येथील तुरुंगात, चार वर्षांसाठी रवानगी झाली. त्याचा पहिला मोठा प्रवास तो हा.

वाटेत तोबोल्स्क गावी एक गोष्ट घडली. पंचवीस वर्षांपूर्वी झालेल्या एका बंडातील कैद्यांच्या बायका नवऱ्यांमागून स्वखुशीने सैबेरियात येऊन राहिल्या होत्या. त्यांनी नव्या कैद्यांना भेटून प्रत्येकाच्या हाती नव्या कराराची एक प्रत दिली. तिच्या बांधणीत दहा रुबल लपविलेले होते. ती प्रत रशियन बायबल सोसायटीने १८२३ साली सामान्य लोकांच्या भाषेत छापिलेली होती. पुढे १८२६ साली बादशहाने ती सोसायटीच बंद केली. आमच्या वाचकांस हे वाचून नवल वाटेल की, त्याच १८२६ साली अमेरिकन मिशनने मुंबईस मराठी नवा करार छापून पुरा केला. एका देशात दार लागले, दुसऱ्या देशात उघडले. परंतु जी पुस्तके आधीच लोकांच्या घरी गेली होती, ती कोणाही बादशहाला परत बोलाविता आली नाहीत.

तुरुंगात दुसरे पुस्तक बाळगण्याची परवानगी नव्हती. चार वर्षे ते पुस्तक त्याच्या उशाखाली असे. पेन्सील मिळत नसे, म्हणून आवडलेल्या वचनांवर त्याने नखाने खुणा केल्या. पुढे तुरुंगावर लिहिलेल्या पुस्तकात त्याने अलेय नावाच्या एका मुसलमान तरुणाची हकिकत दिली आहे. कथा सांगणारा कैदी ह्याच नव्या करारावरून त्याला वाचावयास शिकवितो, आणि डोंगरावरील प्रवचन वाचून तो तरुण म्हणतो की, क्षमा करावी, प्रीती करावी, वैऱ्यांवरही करावी, हे शब्द किती चांगले आहेत! आमच्या रात्रीच्या वर्गांत शिकविणाऱ्या बंधूंनी हे लक्षात ठेवावे. बेड्या घातलेल्या माणसालाही शिक्षक होता येते.

इतके वाचूनही त्याचा प्रश्न सुटला काय? नाही. १८५४ साली सुटका झाल्यावर नवा करार देणाऱ्या स्त्रियांपैकी एकीस त्याने पत्र लिहिले. आपण ह्या युगाचे, म्हणजे शंकेचे, अपत्य आहो व मरेपर्यंत तसेच राहू, असे त्याने त्यात कबूल केले. आणि विश्वासाविरुद्ध जितकी प्रमाणे सुचतात तितकी विश्वासाची तहान वाढते, असेही सांगितले. पण त्याच पत्रात त्याने हेही लिहिले की, ख्रिस्ताहून सुंदर व पूर्ण असे काही नाही, आणि जगाने काहीही सिद्ध केले तरी आपण ख्रिस्तापाशीच राहू. शंका आणि निष्ठा एकाच पत्रात, एकाच हाताने लिहिलेल्या!

त्यानंतर तो पुष्कळ फिरला. परंतु जेथे गेला तेथे त्याचा प्रश्न त्याच्या आधी जाऊन बसला होता. १८६२ साली लंडन शहरी त्याने जगातील संपत्ती पाहिली, आणि तिच्याच सावलीत सुमारे सहा वर्षांची एक मुलगी पाहिली. अंगावर चिंध्या, सर्वांगावर माराचे वळ, आणि गर्दीत ती आपल्याशीच मान हलवीत चाललेली. त्याने तिच्या हातावर नाणे ठेविले. तिने घाबरून त्याच्याकडे पाहिले, आणि तो ते परत घेईल ह्या भीतीने ती पळत सुटली. १८६७ साली स्वित्झर्लंडातील बाझल शहरी त्याने होल्बाइन नामक चित्रकाराचे कबरेतील ख्रिस्ताच्या प्रेताचे चित्र पाहिले. त्यात तेज नाही, देवदूत नाहीत; आहे ते छळाने काळेनिळे पडलेले मानवी प्रेत. पत्नी पुढच्या दालनात जाऊन परत आली तरी तो तेथेच खिळल्यासारखा उभा होता. असल्या चित्राने मनुष्याचा विश्वास उडेल, असे त्याने पुढे आपल्या कादंबरीतील एका पात्राच्या तोंडी घातले. दुसऱ्याच वर्षी जिनीव्हा शहरी त्याची पहिली मुलगी, सोन्या, अवघ्या तीन महिन्यांची होऊन वारली. १८७५ साली जर्मनीतील एम्स गावी औषधपाण्यासाठी राहिला असता त्याने ईयोबाचे पुस्तक पुन्हा हाती घेतले. ते वाचता वाचता आपण उठून तासभर खोलीत येरझारा घालतो व डोळ्यांत पाणी येते, असे त्याने पत्नीस कळविले.

मग १८७८ चा मे महिना उगवला. त्याचा धाकटा मुलगा आल्योशा तीन वर्षांचाही झाला नव्हता, तो अपस्माराने वारला. तो रोग बापाचा होता, हे बापास ठाऊक होते! त्याच उन्हाळ्यात तो ऑप्टिना येथील मठात गेला व तेथील वृद्ध साधू अंब्रोज ह्यांस भेटला. ह्या भेटीनंतर त्याने ‘कारामाझोव्ह बंधू’ ही आपली शेवटची कादंबरी लिहिली. ती १८७९ व १८८० साली प्रसिद्ध झाली. आमच्या प्रश्नाचा धागा तीत आहे.

त्या कथेत झोसिमा नावाचा एक वृद्ध साधू आहे. त्याच्याकडे दूरच्या गावाहून एक बाई येते. तिची चारही मुले गेली. शेवटचा मुलगा तीन वर्षांना तीन महिने कमी असताना गेला, त्याचे दुःख तिला सोसवत नाही. एकदाच त्याची पावले घरात दुडदुडताना ऐकावी, एवढेच तिचे मागणे. साधू प्रथम तिला सांगतो की, तुझे बाळ देवाजवळ देवदूतांमध्ये आहे. ती उत्तर देते, “माझा नवराही हेच सांगतो, आणि सांगता सांगता स्वतःच रडतो.” तेव्हा साधू आपला उपदेश आवरता घेतो. तो म्हणतो, तर मग सांत्वन करून घेऊ नकोस, राहेलीप्रमाणे रड, मात्र रडताना तुझे बाळ देवाजवळ आहे हे आठव. आणि मग विचारतो, नवऱ्याला एकटा टाकून तू इकडे का आलीस? घरी जा, त्याच्याजवळ राहा. ती उठते व घरी जाते. तिच्या ‘का’ला येथे उत्तर मिळाले नाही. रडण्याची मोकळीक मिळाली, आणि तिच्याइतक्याच दुःखी अशा एका माणसाची सेवा तिच्या हाती आली.

त्याच कथेत इव्हान नावाचा एक विद्वान तरुण आहे. लहान मुलांच्या छळाच्या हकिकती तो वर्तमानपत्रांतून जमवितो आणि विचारतो की, निरपराध लेकरांच्या आसवांच्या मोलाने मिळणारी स्वर्गीय शांती घेऊन काय करावयाचे? ग्रंथकाराने हा प्रश्न मुद्दाम दुबळा करून मांडिला नाही. त्याचे उत्तर पुढच्या भागात, झोसिमाच्या जीवनाने द्यावयाचे त्याने ठरविले, आणि ते उत्तर पुरे पडेल की नाही अशी धास्तीही पत्रात लिहिली. परंतु इव्हानाचे न्यून कोठे आहे तेही त्याने दाखविले. इव्हान स्वतःच कबूल करतो की, शेजाऱ्यावर प्रीती कशी करावी हे त्याला कधी कळलेच नाही. लेकरांच्या आसवांवर तो बोलतो. एकाही लेकराचे नाक पुसावयास तो उठत नाही.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ भुईवर मुकाट्याने बसले. तोवर ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडले. देवाची बाजू राखण्यासाठी त्यांनी दुःखिताला दोषी ठरविले. शेवटी देवाचा कोप कोणावर झाला? प्रश्न विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे, त्याच्या मित्रांवर. हबक्कूक संदेष्ट्यानेही प्रश्न विचारले, आणि देवाने त्याला झिडकारले नाही. भूतग्रस्त मुलाच्या बापाने विश्वास व अविश्वास एकाच श्वासात प्रभूपुढे ठेविले, आणि त्याचा मुलगा बरा झाला. आणि ह्या सर्वांहून थोर गोष्ट ही की, वधस्तंभावर प्रभूने बावीसाव्या स्तोत्राचे शब्द उच्चारिले, त्यांत ‘का’ हा शब्द आहे. जो शब्द निष्पाप पुत्राने पित्यापुढे उच्चारिला, तो उच्चारिल्याबद्दल आपण कोणत्या तोंडाने एखाद्या आईला पापी म्हणावे?

कोणी म्हणेल, “अशी मोकळीक दिली तर कच्चे विश्वासी मागे फिरतील.” ही भीती खोटी नव्हे. तथापि दाबून टाकलेला प्रश्न मरत नाही. तो मनात कुजतो, आणि एके दिवशी ते कुटुंब मंडळीत दिसेनासे होते. शिवाय प्रश्न-प्रश्नांत भेद आहे. एक देवाकडे तोंड करून विचारला जातो, दुसरा पाठ करून. पहिला प्रार्थनेचाच प्रकार होय. दुसरा सबब होय. ह्यांची पारख झोसिमाच्या कथेतच आहे. एक श्रीमंत बाई त्याच्याकडे पुरावा मागते, तेव्हा तो सांगतो की, ह्या गोष्टी सिद्ध करता येत नाहीत. परंतु शेजाऱ्यावर प्रत्यक्ष कृतीने व न थकता प्रीती करू लाग, म्हणजे खात्री होत जाईल. स्वप्नातील प्रीतीला टाळ्या हव्या असतात; कृतीची प्रीती म्हणजे रोजची मेहनत. जो प्रश्न मनुष्याला दुसऱ्याच्या दाराशी पाण्याची घागर घेऊन नेतो, तो देवाकडून दूर नेणारा नव्हे.

म्हणून, उपदेशक बंधूंनो व बायबलबायांनो, दुःखाच्या घरी जाल तेव्हा उत्तर तयार करून जाऊ नका. आधी भुईवर बसा. भावकी आली नसेल तर खड्डा खणावयास हात लावा. चूल पेटली नसेल तर भाकरी घेऊन जा. तेराव्या दिवशी सगळे विसरतात, त्यानंतरही जा. आई ‘का?’ म्हणेल तर तिला गप्प करू नका. आपणांस उत्तर ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असे म्हणा. देवाच्या नावाने खोटी साक्ष देण्याची आपणांस आज्ञा नाही. आणि मग ज्याने तोच शब्द वधस्तंभावरून पित्यापुढे ठेविला, व ज्याला पित्याने तिसऱ्या दिवशी उठविले, त्याचे नाव तिला हळूच आठवून द्या.

दोस्तोयव्हस्की २८ जानेवारी १८८१ रोजी, जुन्या पंचांगाप्रमाणे, वारला. त्या दिवशी त्याने पत्नीकडून तोच तुरुंगातला नवा करार उघडून वाचवून घेतला, आणि तो आपल्या मुलास द्यावा असे सांगितले. शेवटल्या कादंबरीच्या आरंभी त्याने योहानाच्या शुभवर्तमानातील गव्हाच्या दाण्याचे वचन घातले होते. शेतकऱ्याला ह्याचा अर्थ सांगावयास नको. पेरलेला दाणा मातीआड होतो तेव्हा शेत उघडेबोडके दिसते, आणि तेथे काही चालले आहे असे डोळ्यांना दिसत नाही. तरी शहाणा कुणबी माती उकरून पाहत नाही, की शेत टाकून निघूनही जात नाही. तो बांधावर राखण करीत बसतो. आपल्या मंडळ्यांतील प्रत्येक दुःखी घराच्या बांधावर असे कोणीतरी बसलेले असावे, एवढेच आमचे मागणे आहे. आणि प्रभू ते पुरे करो.